सिरोवार आणि आमच्याकडचा टायफॉईड

आमच्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, कुणाला चार दिवस ताप आला की 'टायफॉईड निघतो'. निघतो म्हणजे खरंच निघतो, गल्लीतल्या लॅबच्या प्रिंटरमधून. मी अंबरनाथच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. दरवर्षी मुलांना सिरोवार हा शब्द शिकवताना त्या छापील कागदांची मला नव्याने किळस येते.

सिरोवार, कुणी सिरोटाइप म्हणतं, ही फार अवघड भानगड नाही. साल्मोनेला नावाच्या जंतूची मुख्य प्रजाती एकच, पण तिच्यात हजारो प्रकार. मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच. मग त्यांच्या आवरणावरच्या आणि शेपट्यांवरच्या खुणा बघायच्या. कुठल्या अँटिबॉडीला कोण चिकटतो त्यावरून वर्गवारी करायची, त्या एकेका प्रकाराला म्हणायचं सिरोवार. टायफी हा त्यातला एक, टायफॉईड करणारा. आता गंमत ऐका. सिरोवार ठरवायला आधी जंतू हातात असावा लागतो. गल्लीतली लॅब तो शोधतच नाही. ती पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडी बघते, आणि आवरणावरच्या खुणा तर कितीतरी सिरोवारांत सामाईक. शिवाय एकदा भेटलेला जंतू रक्त लवकर विसरत नाही. म्हणजे त्या तपासणीच्या कार्डावर रक्ताच्या थेंबात गुठळ्या दिसल्या तर कळतं एवढंच की असलं काहीतरी या माणसाला कधीतरी भेटलंय. आमच्याकडचं पाणी पिऊन कुणाला भेटलं नसेल? पण कागदावर छापून येतं 'साल्मोनेला टायफी पॉझिटिव्ह', जसं काही ह्यांनी जंतूला कॉलर धरून आणलंय.

माझे पप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. हृदयाची एक झडप तरुणपणापासून अधू. बदलापूर गावात माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे राहायचे. एक दाढ काढली आणि काही आठवड्यांनी त्यांना रोज संध्याकाळी ताप यायला लागला. दादा फ्लॅटची दलाली करतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याचा 'आपला माणूस' असतो. तसा उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याचा एक डॉक्टर होता, दवाखाना वर आणि लॅब खाली. टायफॉईड निघाला.

सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, ताप उतरला. औषध थांबलं, ताप परत. "टायफॉईड उलटला," दादा मला फोनवर म्हणाला, आवाजात काळजी कमी आणि ज्ञान जास्त. परत कार्ड, परत सलाईन. वहिनीने चपाती बंद करून पेज सुरू केली. माणूस निम्मा झाला.

"दादा, औषध देण्याआधी ब्लड कल्चर करून घे," मी म्हटलं. "रक्तात कुठला जंतू आहे तो उगवून बघू दे, मग म्हण टायफॉईड. आणि त्यांच्या झडपेचं सांगितलंस का?"

"तू कॉलेजात शिकव ना तुझं. रिपोर्टात लिहिलंय, आता रिपोर्ट खोटा?"

मी त्या डॉक्टरकडेही गेले. त्याने माझं बोलणं मोबाईल बघत ऐकलं. "मॅडम, किताबी बातें छोडो. इधर सबको यही होता है." मूर्ख माणूस. त्याच्यापेक्षा मला जास्त राग आला दादाचा, तो शेजारी बसून मान डोलवत होता. मी पप्पांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, मुंबईला दाखवू. ते म्हणाले, "जाऊ दे गं. पोरगा एवढी धावपळ करतोय, त्याला काय वाटेल?"

तिसऱ्यांदा टायफॉईड उलटला, त्यानंतर एका सकाळी पप्पांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मोठ्या हॉस्पिटलात कळलं, बहुधा दाढेच्या जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंचा झडपेवर थर बसलाय, त्याचा तुकडा मेंदूत गेलाय. तिथे कल्चर लावलं. काही उगवलं नाही. उगवणार कसं, अर्ध्यामुर्ध्या औषधांनी जंतू मरत नाहीत, नुसते लपतात. "आधी अँटिबायोटिक कोणी दिलं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दादाने फाईल माझ्याकडे सरकवली. पप्पा वाचले. त्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही.

घरी आणल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. दादा प्रत्येकाला सांगायचा, "टायफॉईड डोक्यात गेला, काय करणार." मी खरं काय ते सांगितलं की लोक मान हलवायचे आणि पुन्हा दादाकडे वळायचे. झडप, थर, तुकडा हे कोण लक्षात ठेवणार? टायफॉईड सोपा.

एका दुपारी पप्पांना बुद्धविहारात भेटणाऱ्या एक मावशी आल्या. पप्पांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "आमच्या सुनेचा ताप पण हटत नाहीये हो. लॅबमध्ये टायफॉईड निघालाय. कुणाला दाखवू?"

"माझा माणूस आहे ना कॅम्प चारला," दादा म्हणाला आणि मोबाईल काढून नंबर वाचायला लागला.

मी म्हटलं, "मावशी, तिथे नेऊ नका." त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि नंबर लिहून घेत राहिल्या.

तेवढ्यात पप्पांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. घट्ट. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, आवाज मात्र आला नाही. मावशींनी दुसऱ्या हाताने त्यांचा हात थोपटला.

"किती माया आहे बघा," त्या दादाला म्हणाल्या आणि हळूच एकेक बोट सोडवून मनगट काढून घेतलं.