संकासुराचं बटन

मिरजोळ्यातल्या घराच्या माळ्याला गुरुप्रसाद स्टुडिओ म्हणू लागला, तेव्हा त्याच्या आईने, विमलाने, तिथली कोकमांची बरणी निमूटपणे खाली आणली. पुण्याच्या एका कंपनीने त्याला ऑनलाइन खेळाचा फोनवर दिसणारा पडदा आखायला दिला होता. खेळात चित्रं नाहीत, आवाज नाही. आपापलं सोंग निवडायचं आणि त्या सोंगाच्या तोंडचं लिहीत जायचं. दुसरा उत्तर देतो, गोष्ट पुढे सरकते. चाचणीच्या वीसपैकी पंधरा माणसं दोन आठवडे टिकली, तर गुरुप्रसादची नोकरी पक्की आणि रत्नागिरी सोडायला नको.

माणसांसाठी त्याने संगमेश्वराकडच्या आपल्या गावच्या नमन मंडळाला गळ घातली. शिमग्यात सोंगं घेणाऱ्यांना वेगळं शिकवायचं काय, असा त्याचा होरा. पडद्याच्या माथ्यावर त्याने ठळक लिहिलं, 'इथे कुणीही काहीही होऊ शकतं.' हे वाक्य सुचल्यावर तो दिवसभर स्वतःवर खूश होता. मंडळातले एकोणीस जण आले. विसावी जागा विमलाने घेतली, टोपणनावाने, आणि सोंग निवडलं संकासुराचं, नमनात नाचत सगळ्यांची टर उडवणाऱ्या विदूषकाचं.

त्या गावच्या नमनात बाईला जागा नाही. गवळणीसुद्धा मिशा उतरवून पुरुषच होतात. चाळीस वर्षं समोर बसून बघणाऱ्या विमलाने आता लिहिलं, "महाराज, लढाई उद्या करू. आज तुमच्याकडे नळाला पाणी आलंय का?" मंडळ हसून हसून लोळलं. राजाने उत्तर दिलं, प्रधानाने त्यात भर घातली, लोक जेवताना फोन बघू लागले. हा संकासूर कोण, हे एकट्या गुरुप्रसादला दिसत होतं, आणि त्याला आईचा अभिमान वाटत होता. पाच दिवस वाटला.

सहाव्या दिवशी मंडळाचा प्रमुख लवू याचा फोन आला. शिमग्यात तीस वर्षं संकासूर तोच, त्याआधी त्याचा बाप. आमच्या घरचा मान भलत्याला कसा दिलास, असं त्याने विचारलं, आणि तो परत मिळाला नाही तर अख्खं मंडळ खेळ सोडून उठून जाईल, असंही ऐकवलं. कुणीही काहीही होऊ शकतं म्हणणाऱ्या गुरुप्रसादने तासाभरात 'मानकरी' नावाचं बटन बसवलं. ज्याच्या घरचं सोंग, त्याच्याच नावावर. आईला सांगायचं धाडस काही त्याला झालं नाही. कंपनीला मात्र त्याने कळवलं, की ही स्थानिक संस्कृतीची जाण आहे.

लवूची सगळी कला पायांत. घुंगरू बांधून तो नाचला की बघायला पोरं झाडावर चढत. पण इथे नुसती अक्षरं. त्याने लिहिलं, "नाचतो." राजाने वाट पाहिली. दुपारी आलं, "परत नाचतो." पुढचे तीन दिवस संकासूर तेवढंच करत होता. राजा आंब्याच्या फवारणीला निघून गेला, प्रधान फिरकला नाही. दुसरा आठवडा संपला तेव्हा चारच जण उरले होते, आणि त्यातला एक नाचत होता.

कंपनीचं पत्र आलं. तुमचं काम इथेच थांबवत आहोत. पडद्याच्या तळाशी तुम्ही ठेवलेल्या 'अभिप्राय' बटनातून एकच मजकूर आला, तुमच्या मातोश्री विमलाबाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलेला. आपलं सोंग कसं काढून घेतलं गेलं, हे त्यांनी इतकं झकास लिहिलंय की खेळातल्या गोष्टी लिहायचं काम त्यांनाच देत आहोत. सोमवारपासून. त्यांना लॅपटॉप तेवढा चालवायला शिकवावा.

तो खाली आला. विमला मुडदुशांची खवलं काढत बसली होती. मला का नाही बोललीस, असं त्याने विचारलं. त्याला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

"तू तरी कुठं बोललास?" ती म्हणाली. "सोंग लवूभावजींच्या घरचं, ता त्यांना दिलंस. नाव माजं हाय, ता मी लिवलं."

मग हात धुऊन ती माळ्यावर जायला निघाली, आणि कोकमांची बरणी खालीच राहू दे म्हणाली.