एकाआड एक झाड

नोटबंदीच्या आदल्या वर्षी वडील गेले, तेव्हा आशागडच्या आमच्या चिकूच्या वाडीत निम्म्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे होते. ते त्यांनीच ओढले होते. तरुणपणी जागा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी झाडं दाटीने लावली. पुढे फांद्या एकमेकींत शिरल्या, खाली उजेड येईना, फळं धरायची ती फक्त शेंड्याला. मी त्यांना पुस्तकातलं वाचून दाखवायचो: शेजाऱ्याच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडावरून झाडाला दाटी कळते आणि ते फळायचं सोडून उंच होत सुटतं. वडील म्हणाले, "म्हणजे आपल्या भाऊबंदांसारखंच." बराच काळ विचार करून त्यांनी एकाआड एक झाड काढायचं ठरवलं, चुना लावला, आणि तोडणीच्या आधीच गेले.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असणार, म्हणून सगळे आळीपाळीने शब्द देऊ लागले. बहिणीचं लग्न करून देऊ, आईला सांभाळू. खरी इच्छा मला माहीत होती, पण झाडं तोडण्याचं वचन कावळ्याला कसं द्यावं, याची मी मनात वाक्यं जुळवत राहिलो. तेवढ्यात डहाणू रोडला राहणारे धाकटे काका पुढे झाले.

"दादा, तुझ्या एकाही झाडाला हात लावू देणार नाही."

कावळा लगेच उतरला.

त्यानंतर माझी पुस्तकं कोण ऐकणार? तोडायला आलेल्या माणसांना काकांनी फाटकातूनच परत पाठवलं. शेवटी एकदा त्यांना जेवायला वाढताना आई म्हणाली, "भावोजी, वाडी कावळ्याला चालवायची नाहीये." काका जेवून गेले, आणि पुढच्या वेळी तोडणारे आले तेव्हा फाटकाशी उभे राहिले नाहीत.

निम्मी झाडं पडली. पुढे उरलेल्यांना खालूनही फांद्या फुटल्या, चिकू हाताला येऊ लागले. काका आता पाहुण्यांना वाडी दाखवतात आणि ही सुधारणा दादाची, असं सांगतात. ते खरंच आहे.

पुस्तकात सावली म्हणजे नुकसान. जेवण झालं की वडील त्याच सावलीत खाट टाकून पडायचे आणि आई शेजारी तांदूळ निवडत बसायची, हे पुस्तकात नव्हतं. तोडणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आई सूप घेऊन वाडीत गेली. बसायची जागा तिने दोनदा बदलली.

"ऊन फार आहे," ती म्हणाली, आणि घरात आली.