पाटीवरचा शब्द

अलिबागच्या वाचनालयात मी वर्षानुवर्षं जात असे, ते वर्तमानपत्राआड डुलकी काढायला. एका दुपारी मिठागरावरचा एक माणूस दारात आला. मिठाने चिरलेले पाय त्याने उंबऱ्याबाहेरच पुसले.

वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "तुमच्या जातीला इथं मनाई आहे."

तो शांतपणे म्हणाला, "पाटीवर सार्वजनिक लिवलंय. मला वाचता येतं, म्हनून आलो."

आम्ही सारे शिकलेले लोक वर्तमानपत्रांत डोकं खुपसून बसलो. त्या भेकडपणाचा संताप मला आजही येतो. मग मी माझ्या नावावर एक पुस्तक घेऊन त्याला दिलं.

आठवड्याने त्याने ते धुतल्या फडक्यात बांधून परत आणलं. चिटणिसांनी हात लावला नाही. त्यांनी पुस्तक काठीने बाजूला सारलं. मी ते उचललं आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. त्याने बोट फिरवत मला पहिलं पान वाचून दाखवलं. त्या वाचनालयातलं मी मनापासून ऐकलेलं ते पहिलंच पान.