पांढऱ्या केसांचा वाईट माणूस

दुपारची गिऱ्हाईकं नसलेल्या दुकानात किस्से धुळीसारखे साठतात. कुठून येतात कळत नाही, पण बोट फिरवलं की निघतात!

महाडला एसटी स्टँडजवळ आमच्या दिलीपदादाचं सीडीचं दुकान होतं. मुंबईच्या मामेभावानं एकदा जपानी कार्टून सिरियलच्या सीडी आणून दिल्या. हिंदी नाही, इंग्लिश नाही, सगळं जपानी. रोज दुपारी दादा, कापड्याहून कॉलेजला आलेला संज्या आणि मी पडदा ओढून त्या बघत बसायचो. हीरोचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आमचा जीव व्हिलनवर! पांढरे केस, हळू आवाज, कधी घाई नाही.

भाषांतर दादा करायचा. व्हिलन दोन शब्द बोलला की दादा म्हणायचा, "मी तुझ्या बापाला ओळखतो!"

एकदा व्हिलन चांगला पाच मिनिटं बोलला. आम्ही दादाकडे बघितलं.

"तेच म्हणतोय," दादा म्हणाला, "पण सविस्तर!"

*

"हा खरा वाटतो आणि हीरो खोटा वाटतो. असं का?" मी एकदा विचारलं.

संज्या म्हणाला, "हा जेवतो गो. त्या हीरोला कधी जेवताना बघितलंस? उपाशी माणूस एवढा उड्या मारील काय?"

*

थंडीत एका सकाळी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. मी वर झाडाखाली बसले होते. खाली इतकी वाफ, की सगळं अर्धं पुसल्यासारखं. दादा गळ्यापर्यंत पाण्यात. वाफेतून संज्या आला, खांद्यावर टॉवेल, अगदी सावकाश. काठावर उभा राहिला, बोलेचना.

"संज्या, बोल ना काहीतरी!" दादा ओरडला.

संज्या मायेनं हसला. "दिलीप," तो म्हणाला, "तुझे कपडे कुठे आहेत?"

*

त्या वर्षी कापड्याला गावच्या नाटकात संज्याला व्हिलनचं काम मिळालं. गरीब म्हातारीचा डोंगर लाटणारा मुंबईचा दलाल. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी त्याला गडगडाटी हास्य शिकवलं होतं. पण संज्या स्टेजवर आला तो हळूच. म्हातारीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "पाय दुखतात ना तुमचे? एवढा डोंगर कशाला चढता या वयात?"

पुढच्या रांगेतला एक आजोबा डोळे पुसत उठला. "अगो, बरा माणूस हाय! देऊन टाक त्याला डोंगर!"

चार-पाच जणांनी मान डोलावली. विंगेतून मास्तर रडकुंडीला येऊन सांगत होते, "हस रे! संज्या, मेल्या, आता तरी हस!"

*

संज्याची आई बाजाराला आली की एसटी लागेपर्यंत दुकानात टेकायची. एकदा पडद्यावर तो पांढऱ्या केसांचा आपल्या पडक्या घरासमोर एकटाच उभा होता.

"ह्याच्या घरात कोण नाय काय?" तिनं विचारलं.

"काकी, तो वाईट माणूस आहे. गाव जाळलं त्यानं," दादा म्हणाला.

"ता कळला मला. मी इचारलं काय, तू सांगतोस काय?"

पुढे भातलावणीच्या दिवसांत दादा आणि मी कापड्याला त्यांच्या घरी जेवायला गेलो. बाहेर धुकं उंबऱ्यापर्यंत आलेलं. ताटं वाढता वाढता काकींनी विचारलं, "त्या पांढऱ्या केसांच्याचं काय झालं रे?"

"मेला," संज्या म्हणाला. "बर्फात पडला."

काकींचा हात थांबला. "कोण होतं जवळ?"

"तो हीरो होता."

"मग अग्नी कोणी दिला?"

तसलं काही सीडीत नव्हतंच. बर्फ पडत राहिला आणि नावं आली, एवढंच. दादानं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

"हीरोनं दिला, आये," संज्या म्हणाला.

"बरं केलान," काकी म्हणाल्या. आम्हाला वाढून झाल्यावर त्यांनी दांडीवरचं लुगडं ओढलं, आणि भर दुपारी मागच्या दारी पुन्हा आंघोळीला गेल्या.