दोन महिने की दोन वर्षं

यांच्या स्कूटरवर मी एकाअंगी बसायचे, तोंड डावीकडे. सातपूरच्या रस्त्याला तिकडून रिक्षा आली की आधी मी ओरडायचे, मग हे ब्रेक दाबायचे. उजवीकडे माझी पाठ. तिकडून ट्रकचा हॉर्न वाजला की मी यांचा खांदा घट्ट धरायचे. "लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणून मी करवादायचे. शेवटी एकदा यांनी कबूल केलं, समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. कारखान्यात हे तयार माल तपासायचे. डोळ्यांचं कळलं असतं तर ते काम गेलं असतं, म्हणून घरातसुद्धा चकार शब्द काढायचा नाही.

पुढे यांचं डोकं दुखायला लागलं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवर गाठ निघाली. ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. डॉक्टर म्हणाले, कवटी उघडायची नाही, नाकातून दुर्बीण घालून काढू. आम्ही असलं काही ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "नजर परत येईल?"

"किती दिवसांपासून कमी दिसतंय, त्यावरही असतं."

"दोन महिने," हे म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा खुलला. मग बरीच आशा आहे, म्हणाले. तेवढंच ऐकून घरी जावं असं मला फार वाटलं. पण खोट्यावर उभ्या असलेल्या आशेची जास्त धास्ती वाटली. "दोन वर्षं," मी म्हटलं आणि स्कूटरचं सगळं सांगून टाकलं.

"मग आहे तेवढं वाचवू. गेलेलं येईलच असं सांगता येणार नाही."

घरी येताना हे रागाने माझ्या दोन पावलं पुढेच चालत राहिले. मी बोलले म्हणूनच आता नजर जाणार, असं मलाही वाटायला लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पलंगाच्या कडेला येऊन उभी राहिले तर यांना पत्ताही लागला नव्हता. ऑपरेशन झालं. नाकात बोळे, तोंडाने श्वास. दिसतंय का, हे विचारायची माझी छाती होईना. वाजू नयेत म्हणून बांगड्या वर सरकवल्या, चपला दाराशी काढल्या आणि त्याच जागी जाऊन उभी राहिले. हे समोरच्या भिंतीकडे बघत होते. 

"सिस्टर," मान न वळवता हे म्हणाले, "जरा पाणी द्या."

मी कोण, ते यांना दिसलं नव्हतं. बाजूला कुणीतरी उभं आहे, एवढं दिसलं होतं. ग्लास भरताना निम्मं पाणी मी खाली सांडलं.