चौदा नंबरची मार्गे

बाजारात तिला काटेवाली म्हणत आणि कचेरीत मांजरबाई. काटेवाली का, ते उघड होतं. एकतीस वर्षं ती वजनमापं खात्यात होती. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू आणि काटे तपासायचे, बरोबर निघाले तर शिक्का मारायचा, नाही निघाले तर सील लावून काटा बंद करायचा. तिच्या खांद्याला कायम एक जड पेटी असे. तिच्यात मखमलीच्या खोबणींत बसवलेली प्रमाण वजनं, पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंत. त्या पेटीनं तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आणला होता, आणि आता गुडघेही बोलायला लागले होते.

मांजरबाई या नावामागे मात्र एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

वहीत घरातली मांजरं नव्हती. रानटी मांजरांच्या जगात चाळीसएक जाती आहेत; वाघ-सिंहापासून ते बाजाराच्या पिशवीत मावेल अशा वाघाटीपर्यंत. त्यांतल्या किती आपण प्राणिसंग्रहालयांत पाहिल्या, त्याची ती नोंद ठेवायची. नंबर, तारीख, जागा, जात, किती वेळ पाहिली, काय करत होती. नियम तिचे तिनेच केलेले आणि कडक. जनावराचा चेहरा दिसला पाहिजे. कोपऱ्यात पडलेलं गाठोडं किंवा गवतातून डोकावणारा कान चालणार नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. आणि नोंद तिथल्या तिथे, उभ्याउभ्या करायची. घरी येऊन आठवून लिहिलेलं बाद.

हे सुरू झालं बावीस वर्षांपूर्वी, एका परगावच्या तपासणीत. एका म्हाताऱ्या किराणा दुकानदाराच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला सापडला. म्हातारा भांडला नाही, रडलाही नाही. तिनं काटा बंद करेपर्यंत तो नुसता म्हणत राहिला, "पाणी घ्या बाई. घोटभर घ्या." तिनं ते पाणी घेतलं नाही. बाहेर पडली तर गाडीला तीन तास होते. समोर प्राणिसंग्रहालयाचं फाटक दिसलं, म्हणून आत गेली. तिथे एका जाळीमागे कॅराकल बसलं होतं. तांबूस अंगाचं, कानांच्या टोकांना काळे गोंडे असलेलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. दिवसभर तिला पाहून कोणी ना कोणी हात जोडत होतं, खोटं हसत होतं, खुर्ची पुसून देत होतं. या प्राण्याला तिचं काहीच नको होतं. ती पाऊण तास तिथे उभी राहिली आणि निघताना तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहून घेतलं: कॅराकल, एक, पाऊण तास, बसून.

बावीस वर्षांत ती सव्वीसपर्यंत आली. त्यात कौतुक करणारं कोणी नव्हतं. नवरा होता तोवर "तुझी जनगणना कुठवर आली?" असं विचारायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा दूर नोकरीला, फोनवर फक्त गुडघ्यांची चौकशी करणारा. घरात आता ती आणि वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वन्संनी लग्न केलं नव्हतं. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, आणि निवृत्तीनंतर भावाकडे राहायला आल्या त्या आल्याच. दोघींचं भांडण नव्हतं आणि गुळपीठही नव्हतं. एकाच छताखाली दोन थकलेल्या बायका. एक लवकर उठणारी, एक दिवसभर रेडिओ लावून ठेवणारी.

निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा कळलं की सहा तासांवरच्या शहरात मनुल आणलंय. मनुल म्हणजे थंड, उजाड डोंगरांतलं मांजर. दाट केसांचं, चपट्या तोंडाचं. सत्तावीस नंबर. तिनं दोन दिवसांची रजा टाकली.

"मीही येते," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्हाला काय करायचंय तिथे?"

"घरात बसून काय करतेय? रेडिओसुद्धा माझ्यापेक्षा जास्त बोलतो."

रजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघी मनुलच्या काचेसमोर बसल्या. आत खडक होते, सुकं गवत होतं, एक अंधारी कपार होती. मनुल कपारीत. अकरा वाजले, बारा वाजले. डब्यातला पाव आणि उकडलेली अंडी संपली. शाळेची एक सहल आली, काचेवर नाकं दाबून गेली. वन्संनी दोनदा विचारलं, "आहे ना आत? का नुसतीच पाटी?" आणि एकदा म्हणाल्या, "आपल्या जिन्याखाली चार मांजरं आहेत गं. तिकीट न काढता दिसतात."

दीडच्या सुमारास तिच्या पायाला पेटका आला. ती बाकावर वाकून पोटरी चोळत होती, तेवढ्यात वन्संनी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"अगं! आलं! बघ!"

तिनं मान वर केली, तोवर खडकावर काही नव्हतं. गवताची दोन पाती हलत होती.

"पाहिलंस?"

"नाही."

"अगं, असं कसं? अख्खं बाहेर आलं होतं! कान बाजूला, खाली लावल्यासारखे. माझ्याकडे बघितलं आणि गेलं. वैतागलेलं होतं बाई. लिही, लिही पटकन."

"काय लिहू? मी पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना! मी काय खोटं बोलतेय?"

"तुम्ही पाहिलंत. वही माझी आहे."

वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढ्याशा पेटक्यासाठी सहा तासांचा प्रवास वाया घालवणार? कोण बघायला येतंय तुझी वही?"

हे सगळं मागे उभा असलेला रखवालदार ऐकत होता. पन्नाशी उलटलेला, रबरी बूट घातलेला, हातात रिकामी बादली. त्याला बादली खाली ठेवायला निमित्तच हवं होतं. तो म्हणाला, "बाई, संध्याकाळपर्यंत आता यायचं नाही ते. एकदा आलं की झालं त्याचं." मग वहीकडे बघून म्हणाला, "हे काय लिहिता?"

तिनं वही दिली. असं विचारणारं क्वचितच कोणी भेटे. त्यानं हात पँटीला पुसून एकेक पान सावकाश उलटलं, मान डोलवत. मग एका पानावर थांबला.

"चौदा नंबर. मार्गे. ठिपक्यांचं, झाडांवर राहणारं मांजर. हे त्या नदीकाठच्या संग्रहालयातलं ना? मी होतो तिथे. नऊ वर्षं. त्या पिंजऱ्यात मीच खायला घालायचो."

"हो का?" ती म्हणाली. तिला बरं वाटलं.

"झाडावर चढली होती का, तुम्ही पाहिली तेव्हा?"

"नाही. लिहिलंय ना. चाळीस मिनिटं, जमिनीवरच."

"आणि डाव्या कानाला खाच." त्यानं वहीतलंच वाचलं. मग वही मिटून तिच्याकडे दिली. क्षणभर त्याला बोलावं की नाही ते कळेना. "बाई, ती मार्गे नव्हती. मार्गे आधीच्या हिवाळ्यात मेली. शेजारच्या पिंजऱ्याचं छत गळायला लागलं, म्हणून तिथली ओसेलॉटची मादी मार्गेच्या पिंजऱ्यात हलवली. खाच तिच्या कानाला. दोन्ही ठिपक्यांच्याच, लोकांना फरक कळत नाही. पाटी लोखंडी, खिळे ठोकलेली. नवी मागितली, आली नाही. पुन्हा मागितली. मग मागायचं सोडलं."

तिनं वही पुन्हा उघडून चौदावी नोंद काढली.

"राहू द्या," तो म्हणाला. "आता कोणाला कळतंय?"

वन्सं लगेच सरसावल्या. "बरंच झालं की! ती चौदावी काढ आणि हे आजचं घाल. फिटंफाट!"

"वन्सं, जरा गप्प बसता का?"

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी असं बोलली नव्हती. वन्संनी पर्स मांडीवर घेतली आणि काचेकडे तोंड केलं.

परतीच्या गाडीत दोघींनी सहा तासांत सहा वाक्यंही टाकली नसतील. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला सगळं आठवत होतं. नदीकाठच्या त्या पिंजऱ्यापुढेही तिच्या मनात आलं होतं की जनावर जरा थोराड आहे. मार्गेची शेपटी लांब असते, डोळे चेहऱ्याला मोठे वाटावेत इतके मोठे. हिचं तसं काही नव्हतं. पण त्या दिवशी सात दुकानं झाली होती, खांदा भरून आला होता, आणि ओसेलॉट तर आधीच वहीत होतं. तिला मार्गे हवी होती. तिनं पाटी वाचली आणि लिहिलं. वजनावर पाच किलो कोरलंय म्हणून ते पाच किलो आहे, असं तिनं जन्मात कधी मानलं नव्हतं. प्रत्येक वजन स्वतः तोलून पाहिलं होतं.

घरी आल्यावर ती चौदावी नोंद खोडेल, असं कोणालाही वाटलं असतं. तिनं खोडली नाही. वही कपाटात टाकली आणि वर चादरी ठेवल्या. तीन आठवडे तिनं त्या कपाटाकडे कानाडोळा केला. आपण दमलोय, एवढंच तिला वाटत होतं. एवढ्या वर्षांच्या उठाठेवीत एक ओळ खोटी निघाली, तर निघाली. सव्वीस हा आकडा तिला सवयीचा झाला होता.

चौथ्या आठवड्यात मच्छीबाजारात तपासणी होती. एका कोळणीचा इलेक्ट्रॉनिक काटा किलोमागे बारा ग्रॅम जास्त दाखवत होता. ती बाई तिच्याच वयाची, हात पाण्यानं पांढरे पडलेले.

"बाई, मी काही केलं नाही हो त्याला," कोळीण म्हणाली. "पाण्यानं बिघडला असेल. मला माहीतसुद्धा नव्हतं."

तिचा कोळणीवर विश्वास बसला. खरंच माहीत नसावं. पण काटा चुकत होता. तिनं पेटीतून सील काढलं, तार ओवली, पक्कड दाबली. ती दोनदा दाबावी लागली.

"दुरुस्त करून आणा. मी परवा पुन्हा येते तपासायला," ती म्हणाली.

"आणि आज मी काय करू?"

तिनं पेटी खांद्याला लावली. 

त्या दिवशी दुपारीच ती घरी आली. पेटी दारात ठेवली, चादरी बाजूला केल्या आणि वही काढली. चौदा नंबरवर पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: मार्गे नव्हे, ओसेलॉट. पाटी चुकीची. मीही नीट पाहिलं नाही. तारीख घातली, सही केली. पुढचे नंबर बदलले नाहीत. चौदावी जागा तशीच राहिली.

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. रेडिओ बंद होता.

"खोडलंस?"

"हो."

"मग पंचवीस."

"पंचवीस." मग ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्यावर ओरडले."

"ओरडलीस खरी." वन्संनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "जन्मभर लोक माझ्यावर फोनवर ओरडले. पण त्यांना मी ओळखत नव्हते."

तिनं चहा संपवला. मग तिनं वही उलटी करून शेवटचं पान उघडलं.

"वन्सं, कान कसे होते म्हणालात?"

"बाजूला. खाली."

"आणि बुबुळं? उभी की गोल?"

"गोल. माणसासारखी. अगदी आमच्या टेलिफोन खात्यातल्या मोठ्या साहेबांसारखी."

"शेपटी?"

वन्सं बराच वेळ आठवत राहिल्या. "शेपटी नाही पाहिली. खोटं नाही सांगणार."

तिनं तसंच लिहिलं: मनुल, वन्संनी पाहिलं. शेपटी दिसली नाही. आठवून लिहिलं म्हणजे नियमाबाहेरच होतं. पण हे पान वन्संचं होतं, आणि त्यांना नियम नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. पेटी तिनं परत केली. घेणाऱ्यानं वजनं मोजून घेतली. त्यानंतर दोन महिने ती नुसती झोपली. जेवायची आणि झोपायची. मुलानं फोनवर विचारलं, तर वन्संनीच सांगितलं, "राहू दे तिला. एकतीस वर्षांची झोप आहे."

थंडी पडल्यावर वन्संनीच विषय काढला. "जायचं ना? तुझं राहिलंय बघायचं."

"आता माझ्यानं होत नाही हो वन्सं."

"तू बाकावर बस. मी काचेशी उभी राहते. हललं की हाक मारते."

गेल्या दोघी. तो रखवालदार दुसऱ्या विभागात गेला होता. नवा माणूस काच पुसून निघून गेला. वन्सं शाल गुंडाळून काचेशी उभ्या राहिल्या, अधूनमधून पाय बदलत. ती बाकावर बसली. या वेळी पोटरी चोळली नाही, डबा उघडला नाही. साडेतीनला मनुल बाहेर आलं. चपटं तोंड, बाजूला पडलेले कान, शेपटीवर काळी वळी. खडकावर बसून त्यानं दोघींकडे पाहिलं. वन्संनी हाक मारायची गरज पडली नाही. दोन मिनिटं, कदाचित तीन.

तिनं उभं राहून लिहिलं. नंबर सत्तावीस. मनुल. अडीच मिनिटं, बसून. लिहिताना तिला वाटलं होतं काहीतरी होईल, छाती भरून येईल किंवा निदान हसू तरी येईल. तसं काही झालं नाही. गुडघे दुखत होते.

"झालं?" वन्संनी विचारलं.

"झालं."

"शेपटी पाहिलीस ना? माझ्या पानावर घाल आता."

"तुमची तुम्ही घाला," ती म्हणाली आणि पेन त्यांच्या हातात देऊन पुन्हा बाकावर बसली. वन्सं चष्मा शोधत राहिल्या.