सीलच्या गळ्यातली हाक

योरुन सीलच्या आवाजांवर काम करायची. सीलचं पिल्लू माणसाचा आवाज उचलतं का, हा तिचा विद्यापीठातला विषय. आमच्या बेटावरच्या सागरी केंद्रात तिनं एक आईवेगळं पिल्लू वाढवलं होतं, पेर्ला नावाचं. योरुनचा थोरला भाऊ ओस्मुंड केंद्राची बोट चालवायचा, आणि पेर्लाला हेरिंग मासे भरवायचं कामही त्यानंच अंगावर घेतलेलं. टाकीच्या कठड्यावर बसून तो खर्जात हाक मारायचा, "ये गं बाय, ये, खाऊन घे!" शेवट असा काही लांबवायचा की धक्क्यावरची माणसं हसत.

"इतक्या मायेनं एखादीला बोलावलं असतंस तर आज बायको असती," योरुन म्हणायची.

"बायकोचं हेरिंगवर भागत नाही गं."

ऑक्टोबरात खडकांपलीकडे पाण्यात सोडलेले मायक्रोफोन काढायला तो एकटाच गेला. बोट उपडी सापडली. तो सापडला नाही. शवपेटीशिवायच चर्चमध्ये प्रार्थना झाली, आणि मी केंद्रातला मदतनीस, म्हणून बोट माझ्या हाती आली.

नाताळाआधीच्या एका सकाळी मी टाकीजवळ दोर गुंडाळत होतो. पेर्लानं पाण्यातून डोकं वर काढलं आणि ओस्मुंडनं हाक मारली. शब्द नव्हते, नुसते स्वर. पण तोच खर्ज, शेवटी तीच ओढ. माझ्या हातून दोर सुटला. योरुन बादली घेऊन दारात उभी होती. ती दचकली नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

"कधीपासून?"

"तो गेला त्याच आठवड्यापासून. आर्विद, कुणाला बोलू नकोस."

ज्याच्यासाठी तिनं उमेदीची वर्षं घातली होती ते समोर घडत होतं, आणि तिनं ध्वनिमुद्रण बंद करून टाकलं होतं. नुसती टाकीशी बसून राहायची. पुढे पेर्ला वाळायला लागली. मानेखालची चरबी उतरली, कातडी सैल झाली. मग माझ्या लक्षात आलं : भूक लागली की ती जास्त हाका मारायची, म्हणून योरुन तिला पोटभर घालतच नव्हती.

प्रयोग संपला की प्राणी समुद्रात सोडायचा, असा नियम. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, तर योरुन म्हणाली, "अजून अशक्त आहे." ते खोटं नव्हतं.

शेवटी मीच तिच्या आईला घेऊन आलो. आस्लेउग म्हातारी माशाच्या वड्यांचा डबा मांडीवर धरून टाकीपाशी बसली. हाक आली.

"आले रे," तिच्या तोंडून निघून गेलं.

मग तिचं लक्ष पेर्लाच्या सैल कातडीकडे गेलं. "हिला खायला काय घालतेस?"

योरुननं बादली पायामागे सरकवली.

"माझं पोर समुद्रात आहे, योरुन. या मुक्या जिवाला उपाशी ठेवून तू कुणाला बोलावतेयस?"

"आई, ही गेली की त्याचा आवाजच उरणार नाही."

"मग नाही उरणार."

त्या दिवशी पेर्लानं पोट फुटेस्तोवर खाल्लं. वसंतात ती धष्टपुष्ट झाली आणि आम्ही तिला खडकांजवळ सोडलं. योरुननं पिंजऱ्याचं दार स्वतः उघडलं. पेर्ला मागे वळलीसुद्धा नाही.

त्यानंतर कोळी खडकांना वळसा घालून जाऊ लागले. कुणी कारण बोलून दाखवत नसे. योरुननं आवाजांचं काम सोडलं, त्यावर एक ओळसुद्धा छापली नाही, आणि शिंपल्यांवर काम सुरू केलं. "शिंपलेच का?" असं विचारलं तर म्हणे, "गप्प असतात."

पाच-सहा वर्षांनी एका दुपारी आम्ही शिंपले गोळा करून परतत होतो. धुकं उतरलं, म्हणून मी इंजिन मंद केलं. खडकांच्या बाजूनं ती हाक आली. मी योरुनकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात दुसरी हाक आली. बारीक, कोवळी, पिल्लानं नुकती शिकल्यासारखी, पण शेवटी तश्शीच ओढलेली.

योरुननं बोटीचा काठ घट्ट धरला.

"दोन होत्या ना?"

"दोन," मी म्हणालो.

आवाजांचं काम सोडलं तरी ध्वनिमुद्रक ती बरोबर ठेवायची; तो तिच्या पायाशीच, पिशवीत होता. तिनं पिशवीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. पुन्हा बारीक हाक आली, या वेळी जास्त जवळून.

"वेग वाढव, आर्विद," ती म्हणाली. "आईला यातलं काही सांगू नकोस."